काबूलच्या बंद शाळा आणि आपले मौन

काबूलमधील हबीबिया विद्यालय यादवी युद्धात उद्ध्वस्त झाले होते. भारताने ते पुन्हा उभारून दिले आणि २००५ साली अफगाण जनतेच्या स्वाधीन केले. हे मुलांचे विद्यालय. या मुलांच्या बहिणींना मात्र आज सहावीनंतर एकाही नियमित शाळेचे दार उघडे नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूलचा ताबा घेतला. २३ मार्च २०२२ रोजी माध्यमिक शाळा सुरू होणार म्हणून मुली दप्तरे घेऊन वर्गात पोहोचल्या; काही तासांतच त्यांना घरी पिटाळण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणी घडविणारे अभ्यासक्रमही थांबविण्यात आले. जेथे पुरुष डॉक्टरकडून स्त्रीने उपचार घेण्यावरच बंधने येतात, तेथे सुईणीचे शिक्षण थांबविणे म्हणजे उद्याच्या बाळंतिणीला मृत्यूच्या हवाली करणे नव्हे काय? अशा किमान १४ लाख मुली युनेस्कोने २०२४ मध्ये मोजल्या.

हा त्यांच्या धर्माचा, परंपरेचा अंतर्गत प्रश्न आहे, असे सांगणारे शहाणे आपल्याकडेही आहेत. त्यांना उत्तर इस्लामी जगातूनच मिळाले आहे. कैरोच्या अल्-अझहरच्या प्रमुख इमामांनी विद्यापीठबंदी शरियतविरोधी ठरविली. काबूलमध्ये मुलींची शाळा १९२१ साली, अमानुल्लाच्या राजवटीत निघाली. आणि आपल्या डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीत शिकलेले तालिबानी नेते स्तानिकझाई यांनीही जानेवारी २०२५ मध्ये या बंदीला कोणतेच समर्थन नाही, असे जाहीरपणे सांगितले. प्रश्न धर्माचा नाही, सत्तेच्या हट्टाचा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले आणि काबूलमधील आपल्या दूतावासाची पुन:स्थापना झाली. राष्ट्रहितासाठी बोलणी करावीच लागतात. त्यास आमचा आक्षेप नाही. पण त्या भेटीतील एक प्रसंग विसरू नये. पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना स्थान नव्हते. देशभर संताप उसळला आणि दोनच दिवसांत त्याच मंत्र्यांसमोर महिला पत्रकार प्रश्न विचारीत होत्या. खंबीर आवाज ऐकला जातो, हे सिद्ध झाले. मग तोच आवाज लाखो अफगाण मुलींसाठी का उठला नाही?

आपल्याही घरची बाजू स्वच्छ नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणांना आधी दिलेले व्हिसा भारताने रद्द केले. सुरक्षेचे कारण समजू शकते. परंतु सुट्टीत मायदेशी गेलेले कितीतरी विद्यार्थी अर्धवट पदवीसह तिकडेच अडकले. पुण्यातील महाविद्यालयांना हे दु:ख परिचित आहे. नंतर ऑनलाइन शिष्यवृत्त्या आल्या. पण सप्टेंबर २०२५ अखेरीस तालिबानने देशभरातील इंटरनेटच तोडून या मार्गाची मर्यादा दाखवून दिली.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. भारताच्या प्रत्येक बोलणीत मुलींच्या शाळेचा विषय पहिल्या पानावर असावा. शिष्यवृत्त्यांत मुलींसाठी राखीव जागा असाव्यात. पुरुष नातेवाइकाविना तालिबान स्त्रीला दूरचा प्रवास करू देत नाही. तेव्हा विद्यार्थिनीसोबत पित्याला वा भावालाही व्हिसा मिळावा. कसून चौकशी करावी, पण दार उघडावे.

१८४८ साली पुण्यात मुलींना शिकविण्यासाठी निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेकणारेही परंपरेचीच ढाल पुढे करीत होते. त्यांचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या समाजाने हा लढा आपल्या अंगणात जिंकला, त्याला शेजारच्या लेकींविषयी मौन शोभत नाही.