आधी गुण की आधी वर्ण?

दिल्लीतील एका अनुवादवर्गात अलीकडे एक लहानसा शब्द अडला. टेबलाभोवती बसून, फासे टाकीत आणि तोंडी कथा रचीत खेळावयाच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाचे काही नियम भारतीय भाषांत आणण्याचा तो स्वाध्याय होता. या खेळात प्रत्येक पात्राचा योद्धा, मांत्रिक, धर्मोपदेशक असा एखादा ‘क्लास’ असतो. त्याला मराठीत काय म्हणावे? एका विद्यार्थ्याने ‘वर्ण’ हा शब्द सुचविला आणि तो अनेकांना पटलाही. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. कारण प्रश्न केवळ शब्दाचा नसून पात्र कसे घडते याविषयीच्या कल्पनेचा आहे.

प्रथम खेळाची रचना पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळात प्रत्येक पात्राला सहा क्षमता असतात: बळ, बुद्धी, शहाणपण, चापल्य, काटकपणा आणि प्रभाव. प्रत्येकीसाठी तीन फासे टाकावयाचे. अर्थात अंक ३ ते १८ यांच्या दरम्यान पडतो. ते अंक पाहून खेळाडूने ‘क्लास’ निवडावयाचा. योद्ध्याची प्रधान क्षमता बळ, मांत्रिकाची बुद्धी, धर्मोपदेशकाची शहाणपण. प्रधान क्षमतेचा अंक १५ वा अधिक असेल तर मिळविलेल्या अनुभवात शेकडा १० ची भर पडे; ६ वा कमी असेल तर शेकडा २० ची घट होई. म्हणजे दुबळ्यालाही योद्धा होण्याची मनाई नव्हती. त्याची वाट लांबत असे, इतकेच. १९७५ च्या पुरवणीत चापल्यावर आधारलेला चोर आला; त्याच पुरवणीत व्रतस्थ योद्ध्यासाठी प्रभाव किमान १७ असावा अशी अटही आली. तीन फाशांत १७ वा १८ पडण्याचा योग २१६ पैकी अवघा ४. सवलतीशेजारी अट येऊन बसली ती अशी.

मराठीत ‘गुण’ हा शब्द स्वभावधर्मासाठीही वापरतात आणि परीक्षेतील अंकांसाठीही. खेळाने हे दोन्ही अर्थ एकत्र आणले आहेत. ज्या दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचे प्रवेश सामायिक परीक्षेच्या अंकांवर ठरतात, तेथील विद्यार्थ्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या काव्यशास्त्राकडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकांचे चार प्रकार सांगितले आहेत. धीरोद्धत देव, धीरललित राजे, धीरोदात्त सेनापती व अमात्य, धीरप्रशांत ब्राह्मण व वणिक अशी त्यांची वाटणीही केली आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या दशरूपकातही धीरशांत नायक द्विजादिकांतूनच येतो. येथे गुणांवरून स्थान ठरत नाही. स्थानावरून गुण ठरतात. फाशांचा खेळ नेमका उलट क्रमाने चालतो, आणि ‘वर्ण’ हा शब्द तो क्रमच पुसून टाकतो.

यावर कोणी म्हणेल की वर्णही मुळात गुणकर्मानुसारच होता. या युक्तिवादाचा समाचार डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच घेतला आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, न झालेल्या आणि पुढे स्वतःच छापलेल्या भाषणात त्यांनी प्लेटोच्या तीन वर्गांचे उदाहरण घेऊन दाखविले, की माणसांची विविधता मोजक्या कप्प्यांत मावत नाही. हा आक्षेप खेळालाही लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. सहा अंक म्हणजे माणूस नव्हे. शिवाय १९७८ च्या नियमांत पात्राच्या वंशानुसार अंक वाढत वा घटत. जन्माची ही छाया पुढेही राहिली. २०२० मध्ये ती वाढ हवी तिकडे वळविण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ च्या नियमग्रंथाने ती वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली. खेळाने आपली चूक सुधारण्यास जवळजवळ अर्धशतक घेतले. पण ती सुधारली.

एकलव्याची कथा या संदर्भात पुन्हा वाचावी. त्याला शिष्यत्व नाकारले गेले; तरी क्षमता उमलली; म्हणून क्षमतेचाच अंगठा कापून घेतला गेला. कर्णाला रंगभूमीवर कौशल्य दाखविल्यावरही कुळ विचारले गेले. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) मराठी वाचकाला जी वेदना जवळून दाखविली, ती गुण आणि स्थान यांच्या या ताटातुटीचीच होय. फाशांच्या खेळात कर्णाला हा प्रश्न कोणी विचारला नसता.

म्हणून ‘पेशा’ हा फारसीतून मराठीत रुळलेला शब्द आम्ही सुचवितो. गावगाड्यात पेशाही वंशपरंपरेने चालत आला, हा आक्षेप खरा आहे. तथापि पेशा पत्करता येतो, बदलता येतो, सोडताही येतो. वर्ण सोडता येत नाही. उद्या कोणी महाभारतावर मराठीत असा खेळ रचील, तेव्हा क्षत्रियाला बळ आणि ब्राह्मणाला बुद्धी जन्मतःच बहाल करण्याचा मोह त्याला होईल. अनुवादकाने आज निवडलेला शब्द त्या मोहाला एक तर वाट करून देईल, नाही तर आवर घालील. पात्रांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांना या निवडीबाबत तटस्थ राहता येणार नाही.