रजेच्या अर्जातलं कारण

सूर्यमाळ, मोखाडा, जव्हार ही नावं वर्तमानपत्रांत येतात ती बहुधा कुपोषणाच्या बातम्यांत. अशा मुलखात नोकरी करणाऱ्या एखाद्या गुरुजींना वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा हवी असेल, तर कारण लिहिताना पेन अडखळणारच. ‘जेवण कमी करा की, गुरुजी!’ हा सल्ला साहेबांच्या आधी शिपाईच देतो.

पण ही हौस नव्हे. 2011 साली भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ती लपवली नाही. बॉडी मास इंडेक्स 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर आरोग्यविम्याचे नियमही तिला उपचार मानतात.

राज्य सरकारच्या नोकराला 1981 च्या रजा नियमांनुसार वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित केली की 10 दिवसांचा पूर्ण पगार. शस्त्रक्रियेनंतर बैठं काम साधारण दोन-तीन आठवड्यांत जमतं. जड उचलणं मात्र महिनाभर तरी नको. साहेबांना एवढंच सांगावं: पोटाची शस्त्रक्रिया आहे, इतके दिवस लागतील, नंतर काही दिवस हलकं काम द्या. वजनाचा आकडा सांगायची गरज नाही.

दिवाळीनंतर इथून वीटभट्टीवर जाणाऱ्यांना मात्र हा अर्जच ठाऊक नाही. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली.