मैदानाचं पंचांग

नागपुरात मोकळी जागा दिसली की कुठल्या ना कुठल्या टेबलावर तिचा नकाशा तयार होतो. नकाशात हिरवा रंग मुबलक असतो. मधोमध कारंजं, कोपऱ्यात फूड कोर्ट, पोटात वाहनतळ, आणि या सगळ्याच्या वर एखादा पुतळा नाही तर उंच ध्वजस्तंभ. चित्रातली माणसं जोडीजोडीनं चालत असतात. कोणाच्या हातात पिशवी नसते, कोणाच्या काखेत बॅट नसते, आणि ‘इथं काय होऊन राहिलं बे’ असं विचारत कठड्यावर बसलेला तर एकही माणूस नसतो. म्हणजे जी माणसं खरोखर तिथं येतात, ती सोडून बाकी सगळे चित्रात हजर.

कस्तुरचंद पार्काच्या वाट्याला असे बेत वारंवार आले. त्याबद्दल इतवारीतल्या माणसानं का बोलावं, असं कोणी विचारेल. कारण सरळ आहे, आमच्याकडे मैदान नाही. गांधीबागेचं उद्यान आहे, तिथं सकाळी फिरता येतं, म्हाताऱ्यांना बाकावर बसता येतं. गांधीसागर आहे, म्हणजे जुना जुम्मा तलाव, त्याच्या काठावर हवा खाता येते. पण वीस पोरांना क्रिकेट खेळायचं असेल तर बाजार बंद असण्याची वाट पाहावी लागते. दुकानाचं शटर हेच स्टंप, आणि चेंडू वरच्या गॅलरीत गेला की डाव संपला. पाय मोकळे करायला, सभा ऐकायला, सर्कस बघायला इतवारीची माणसं पिढ्यान् पिढ्या रेल्वेलाइनच्या पलीकडे कस्तुरचंद पार्कावरच गेली आहेत. आता तर सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर चितार ओळीच्या स्टेशनात मेट्रोत चढायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि थेट मैदानाच्या दारात उतरायचं.

दुसरं नातं डागांचं. बिकानेरहून येऊन कामठीत पेढी थाटलेल्या बन्सीलाल अबीरचंद घराण्यातले सर कस्तुरचंद डागा यांचं नाव या मैदानाला आहे. त्याच घराण्याचं नाव लावणारं डागा स्मृती स्त्री रुग्णालय आमच्या गांधीबागेत आहे. इतवारी, महाल, मस्कासाथकडच्या हजारो घरांत ‘आमचा डागातला जन्म’ असं सांगणारं कोणी तरी सापडतंच. ‘डागात’ जन्मायचं आणि डागांच्या मैदानावर दसऱ्याचा रावण बघत मोठं व्हायचं, ही इकडच्या अनेकांची कहाणी आहे.

हे मैदान शहराच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. मधली घुमटाची छत्री हीच त्याची ओळख. एका बाजूला रिझर्व्ह बँक, चालत जाण्याच्या अंतरावर झिरो माइल आणि विधानभवन. पण या मैदानाची खरी श्रीमंती तिथं काय बांधलंय यात नाही, तिथं काय घडून गेलंय यात आहे. 1920 च्या मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद इथं भरली आणि तरुण आंबेडकर तिला हजर होते. नागपूरच्या मेट्रोची पायाभरणी 2014 च्या ऑगस्टमध्ये इथंच झाली. 26 जानेवारी आणि 1 मेचं सरकारी ध्वजवंदन इथं होतं. 2019 साली मैदानाच्या कामासाठी खोदताना मातीखालून जुन्या तोफा निघाल्या, आणि 1817 ची सीताबर्डीची लढाई शाळेच्या पुस्तकातून उठून लोकांच्या गप्पांत आली. एवढं सगळं एकाच जागेला सोसलं, ते ती जागा मोकळी होती म्हणून. परिषदेचा मंडप गेला, सर्कशीचा तंबू गेला, रावण तर जळूनच गेला, आणि प्रत्येक वेळी पुढच्यासाठी मैदान उरलं.

उरलं खरं, पण कसं उरलं? मोठा कार्यक्रम होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघावं. मंडपाच्या बल्ल्यांचे खड्डे रांगेनं उघडे असतात. सुतळीचे तुकडे, चुरगाळलेले पाण्याचे ग्लास, गालिच्याखालचे खिळे. जड ट्रक आत आला असेल आणि पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशाच राहतात. एक पोरगा गोलंदाजीचा रनअप मोजत होता. पावलं मोजता मोजता मध्येच थांबला, खड्डा टाळून तिरका झाला आणि पुन्हा मोजू लागला. त्याच्या रनअपला आता कायमचं वळण आहे. मैदानाच्या दुरवस्थेची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नव्हे.

आता यावरचा आपला ठरलेला इलाज काय? सुशोभीकरण. मैदान खराब झालं म्हणून त्याच्या काठानं ट्रॅक, ट्रॅकच्या काठानं कठडा, कठड्याच्या काठानं दिवे, आणि राहिलेल्या जागेत काही तरी ‘आकर्षण’. मला म्हणायचंय ते एवढंच, की मैदानाचं भविष्य नकाशात मांडायचं नसतं, ते पंचांगात मांडायचं असतं. कुठं काय बांधायचं हा प्रश्न दुसरा. कधी, किती दिवस, कोणी वापरायचं, आणि उठताना जागा कशी परत करायची, हा पहिला.

ही अक्कल आम्हाला इतवारीनं शिकवली. बाजारातली कुठलीही गल्ली घ्या. पहाटे तिथं माल उतरतो, हमालांच्या आरोळ्या असतात. उजाडलं की बंद दुकानाच्या पायरीवर तर्री-पोह्याची गाडी लागते, भोवती प्लेट घेऊन माणसं उभी. दुकान उघडायची वेळ झाली की गाडीवाला स्वतःच पायरीवर पाणी मारतो, टोपलं उचलतो आणि निघतो. दिवसभर गिऱ्हाईक आणि हातठेले. संध्याकाळी त्याच जागेवर दुसराच कोणी फळं नाही तर गजरे घेऊन बसतो. एका पायरीवर दिवसाकाठी तीन-चार जणांची पोटं चालतात. लेखी करार कुठंच नाही, पण एक नियम सगळे पाळतात, पुढचा यायच्या आत उठायचं आणि उठताना जागा झाडून द्यायची.

वर्षातून एक दिवस तर हीच गल्ली आपला सगळा धंदा बाजूला ठेवते. पोळ्याच्या पाडव्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा तिथं मुंगीला वाट नसते. बडग्यांचे पुतळे नाचवले जातात, वर्षभराच्या इडापिडेला हाका घालून गावाबाहेर काढलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात हळद-मिरचीची पोती उतरलेली असतात. मारबतीसाठी कोणी तिथं कायमचा ओटा बांधला नाही, म्हणून तर मारबतही टिकली आणि बाजारही टिकला.

शेजारचे किराणावाले काकाजी माझं हे पुराण ऐकून वैतागले. म्हणाले, “तुमचं बोलणं लई चांगलं हाय भाऊ, पण जागा रिकामी ठेवली तं उद्या तिथं ठेले लागतीन, परवा गाड्या उभ्या राहतीन. त्यापरीस बांधून टाका न एकदाचं.”

मी विचारलं, “काकाजी, रातभर तुमची पायरी रिकामीच असते न? तिच्यावर कोणी कब्जा केला काय?”

“काहून करन? सकाळी मले दुकान उघडाचं असते, साऱ्याइले मालूम हाय.”

काकाजींनी माझा मुद्दा माझ्याहून चांगला मांडला. जागा रिकामी असते म्हणून बळकावली जात नाही. तिच्यावर पुढचा हक्काचा माणूस कोण, हे कोणालाच माहीत नसतं म्हणून ती जाते. वेळापत्रक चारचौघांत लावलेलं असेल तर रिकाम्या जागेलाही धनी असतो.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईच्या शिवाजी पार्कावर सभांचा आणि भोंग्यांचा कडेलोट झाला तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, 2010 मध्ये ते शांतता क्षेत्र ठरलं, आणि पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षातले 45 दिवस अशी मर्यादा आली. त्या दिवसांवरून अजूनही भांडणं होतात, होऊ देत. पण भांडण दिवसांवरून आहे, जमिनीवरून नाही. दिवसांचं भांडण पुढच्या वर्षी नव्यानं मांडता येतं. जमिनीवर एकदा काँक्रीट ओतलं की नातवंडांनाही ते भांडण मांडता येत नाही. आणि आराखडा काढायचाच असेल, तर त्याची सुरुवातही ‘काय नको’ इथून करता येते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कासाठी 1858 मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. त्याचं मोठं यश म्हणजे शहराची आडवी वाहतूक त्यांनी जमिनीच्या पातळीखालच्या रस्त्यांतून काढून दिली, म्हणजे फिरणाऱ्याच्या डोळ्यांना ती खुपायला नको. बागेत काय दिसू द्यायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

मग कस्तुरचंद पार्काचं पंचांग कसं असावं? नागपूरचं हवामान निम्मं काम आधीच करून ठेवतं. जून ते सप्टेंबर मैदानाला सुट्टी. जड वाहन नाही, मंडप नाही. गवताला धरू द्यायचं, पाणी मुरू द्यायचं. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि एका रात्रीत वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून पाण्याच्या वाटेत काय बांधलंय यावर शहर वाद घालतंय. पाणी पिणारी मोठी मोकळी जमीन ही शहराच्या मध्यभागी चैन नाही, हे त्या रात्रीनं सांगून ठेवलंय.

ऑक्टोबरात दसरा. त्या दिवशी नागपूर एकाच वेळी तीन ठिकाणी जमतं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जनसागर, रेशीमबागेत संघाचा उत्सव, कस्तुरचंद पार्कावर रावणदहन. एवढी माणसं एका दिवसात सामावून घेणारी मैदानं शिल्लक आहेत, हे या शहराचं भाग्य म्हणायचं. हा दिवस रावणाचा, तो पक्का. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, बाहेरगावची माणसं. त्यांना टेकायला जागा लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा गुलाबी, म्हणून प्रदर्शनं आणि मेळावे याच काळात येतात. येऊ द्यावेत, पण दोन कार्यक्रमांच्या मध्ये मैदानाला सावरायला सलग दिवस ठेवून. 26 जानेवारी आणि 1 मे ठरलेले. मार्च ते मे पहाट पोरांची, संध्याकाळ घरच्यांची. आणि दर रविवारी सकाळी मैदान फक्त खेळाचं, मग मंत्री कितीही मोठा येवो.

सोबत अनामत रक्कम. ती नावापुरती नको, झोंबेल एवढी हवी. खड्डे बुजले, खिळे वेचले, माती सपाट झाली, आणि त्याची खात्री रोज तिथं खेळणाऱ्या पोरांनी केली, तरच परत. अधिकाऱ्याच्या सहीपेक्षा त्या वाकड्या रनअपवाल्या गोलंदाजाची सही मला जास्त भरवशाची वाटते. बांधायचंच असेल तर पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं असणारं स्वच्छतागृह, काठानं सावलीची झाडं आणि छत्रीची नीट डागडुजी, एवढं पुरे. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत फारसं शोभत नाही, हे मान्य.

यावर कोणी म्हणेल, पैसा कुठून येणार? मैदान रोज भाड्यानं दिलं तर तिजोरीत भर पडेल. पडेल की. पण भाडं वाढवण्यासाठी खेळ बंद करणं म्हणजे गाय विकून कडब्याचे पैसे वाचवणं. महालातला बुधवार बाजार आठवड्यातला एक दिवस जोरात भरतो आणि त्यावर कित्येक घरं चालतात. थोडे दिवस आणि चोख भाडं हा हिशेब व्यापाऱ्याला तरी समजायला हवा.

आणि हे पंचांग ठरवायला लोकांना आधी बोलवावं, नंतर नाही. 1 जुलै 2024 ला दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक उतरले, काम थांबवावं लागलं. ज्या जागेशी माणसांचा जीव गुंतलाय, तिथं काम सुरू झाल्यावर मत विचारायला गेलं की उत्तर असंच मिळतं. अजनीतल्या झाडांच्या तोडीला विरोध झाला, तेव्हाही शहरानं हेच बघितलं.

तेव्हा माझी सूचना. बैठक कुठल्या वातानुकूलित सभागृहात नको. कस्तुरचंद पार्कावरच घ्यावी. खेळणारी पोरं, रावण करणारे, सभा घेणारे, पहाटे चालणाऱ्या बाया, ठेलेवाले आणि परवानगी देणारे साहेब, सगळे एका सतरंजीवर. वेळ मे महिन्यातली, दुपारी तीनची. झाडं कुठं लावायची याचा ठराव पहिल्या पाच मिनिटांत एकमतानं मंजूर होईल, आणि फूड कोर्टाची आठवण कोणालाही येणार नाही.