रक्तस्राव सुरू झाला म्हणजे गर्भपात झाला, असे नाही

गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. तरीही पाळी चुकली आणि मूल नको असेल, तर बहुतेक घरांत पहिली फेरी होते ती मेडिकलच्या दुकानात. बऱ्याचदा नवराच जातो, ‘पाळी यायची गोळी द्या’ म्हणतो आणि कागदात गुंडाळलेलं पाकीट घेऊन येतो. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या गटमाखर इन्स्टिट्यूट आणि इतरांबरोबर केलेल्या अभ्यासात २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज निघाला. त्यातले जवळपास ७३ टक्के गोळ्या घेऊन, रुग्णालयाच्या बाहेर झाले होते. हा आकडा कायदा बदलण्याआधीचा आहे, पण माझ्या दवाखान्यात बसून पाहताना चित्र फार बदलल्यासारखं वाटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावर उगाच घाबरवणारं पुष्कळ लिहिलं जातं. या गोळ्या वाईट नाहीत. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन्ही औषधं आपल्याकडे वीसहून अधिक वर्षं वापरात आहेत. योग्य आठवड्यात, योग्य प्रमाणात घेतली तर बहुतेक स्त्रियांना काही त्रास होत नाही. गोळीच्या आधी गर्भ नेमका कुठे आहे हे न पाहण्यात खरा धोका असतो.

गर्भ पिशवीत नसेल तर

शंभर गर्भधारणांमध्ये साधारण एक ते दोन वेळा गर्भ गर्भपिशवीत न रुजता बाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत, रुजतो. नलिका पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. ती ताणायची तेवढी ताणते आणि मग फुटते. हे बहुतेकदा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास होतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन ते चार आठवडे झालेले असताना. गोळ्याही नेमक्या याच काळात घेतल्या जातात.

आता गोळी काय करते ते पाहा. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम थांबवते. दुसरी पिशवीला कळा आणते आणि पिशवीतलं अस्तर बाहेर पडतं. गर्भ नलिकेत असला तरी हार्मोन्समुळे पिशवीचं अस्तर जाड झालेलंच असतं. त्यामुळे गोळी घेतल्यावर अंगावरून जातं, गाठी पडतात, कळाही येतात. घरातल्यांना वाटतं, झालं मोकळं. नलिकेतल्या गर्भावर मात्र या गोळ्यांचा भरवशाचा परिणाम होत नाही आणि तो वाढत राहतो. आठ-दहा दिवसांनी पोटात दुखायला लागलं की ‘गोळीमुळेच दुखत असेल’ म्हणून तेही अंगावर काढलं जातं.

घरी लघवीची तपासणी केली तरी उलगडा होत नाही. गर्भपात नीट झाला तरी ती पट्टी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, दोन रेघा दाखवू शकते. म्हणून दोन रेघा आल्या तरी कुणी दचकत नाही.

गोळी घेतलीच नसेल तरीही हा धोका असतो, हेही लक्षात ठेवा. ‘माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?’ असं पुष्कळ जणी म्हणतात. ऑपरेशननंतर किंवा तांबी बसवलेली असताना दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. पण गेलेच, तर ते नलिकेत असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. आधी एकदा असं झालेलं असणं, ओटीपोटात जुना जंतुसंसर्ग असणं, नलिकेची शस्त्रक्रिया झालेली असणं, वंध्यत्वाचे उपचार चालू असणं, सिगारेट किंवा विडी ओढणं यांनीही धोका वाढतो. मात्र ज्यांना हा त्रास होतो त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये यातलं एकही कारण सापडत नाही. त्यामुळे ‘आपल्याला काही होणार नाही’ असं कुणीच धरून चालू नये.

रक्त बाहेर दिसत नाही

सर्वात जास्त फसगत इथे होते. नातेवाईक पॅड किती भिजला ते पाहतात. नलिका फुटल्यावर रक्त पोटात साठतं, बाहेर कधी फक्त डाग दिसतात. दीड-दोन लिटर रक्त पोटात गेलेली बाई चालत दवाखान्यात आलेली मी पाहिली आहे. तरुण शरीर बराच वेळ सांभाळून घेतं. नाडी वेगाने चालते, पण ब्लडप्रेशर शेवटपर्यंत ठीक दिसतं आणि मग एकदम कोसळतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे, म्हणजे मुळात शिल्लकच कमी.

पोटात साठलेलं रक्त कुठे टोचतं त्यावर लक्षणं ठरतात. ते श्वासपटलाला लागलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, विशेषतः आडवं झाल्यावर. मार लागलेला नसताना, पाळी चुकलेल्या बाईचा खांदा दुखतोय, हे लक्षण हसण्यावारी नेऊ नका. ते मोठ्या आतड्याच्या शेजारी साठलं तर सारखं संडासला लागल्यासारखं वाटतं, कधी पातळही होतं, उलटी होते. घरचे म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल, गॅस झाला असेल. खरं सांगायचं तर आमच्यासारखे जनरल प्रॅक्टिशनरही पोटदुखी आणि जुलाब ऐकले की आधी पोटाच्या बिघाडाचाच विचार करतात. म्हणून संडासात घेरी येऊन पडलेली, पांढरीफटक पडलेली तरुण बाई समोर आली, तर ओआरएस देऊन झोपवण्याआधी शेवटची पाळी कधी आली होती ते विचारायलाच हवं.

हा प्रश्न आमच्याकडून आला तर राग मानू नका. पाळी येण्याच्या वयातल्या कोणत्याही मुलीला किंवा बाईला पोटदुखी, घेरी किंवा अनियमित रक्तस्राव असेल, तर लघवीची गर्भतपासणी करणं हा नियम आहे. त्यात कुणाच्या चारित्र्याची चौकशी नसते. ‘आमची मुलगी तसली नाही’ हे वाक्य ऐकत बसण्यात जो वेळ जातो, तो कधीकधी फार महागात पडतो. डॉक्टरांनी पाच मिनिटं सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं तर थांबा. सासूबाई शेजारी उभ्या असताना ‘गोळी घेतली होती’ असं सांगायची हिंमत फार थोड्या जणींना होते.

रुग्णालयात काय होतं

हातात गर्भतपासणी आली आणि बाई स्थिर असेल, तर सोनोग्राफी करतात, बहुतेकदा योनिमार्गातून, कारण लवकरच्या आठवड्यांत पोटावरून नीट दिसत नाही. पिशवीत गर्भाची थैली दिसली की शंका जवळपास मिटते. काहीच दिसलं नाही, तर त्याचा अर्थ ‘सगळं नॉर्मल’ असा नसतो. गर्भ कुठे आहे ते अजून कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग बीटा एचसीजी नावाची रक्ततपासणी करतात आणि ४८ तासांनी पुन्हा करतात. ‘परवा पुन्हा या’ असं सांगितलं असेल तर परवाच जा. दुखायचं थांबलं म्हणून ती फेरी चुकवू नका.

नलिका फुटलेली नसेल आणि रक्तातला आकडा कमी असेल, तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया टाळता येते. त्यासाठी तो आकडा पूर्ण खाली येईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं आणि पुढचे निदान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. रुग्णालय घरापासून चार तासांवर असेल आणि परत येण्याची खात्री नसेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियाच सुचवतील, आणि मला ते बरोबर वाटतं. नलिका फुटली असेल तर दुसरा पर्याय नाही. रक्त चढवत, ताबडतोब, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करतात. एक नलिका काढली तरी दुसरी चांगली असेल तर पुढे मूल होऊ शकतं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं का, ते आठवणीने विचारा.

अचानक दुखण्यामागे दुसरीही कारणं असतात. बीजकोशाला पीळ पडला तर एका बाजूला असह्य कळ येते आणि सोबत उलट्या होतात. कधी कळ येऊन जाते आणि पुन्हा येते. सोनोग्राफीत रक्तपुरवठा ठीक दिसला तरी पीळ नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. तासागणिक बीजकोश वाचण्याची शक्यता घटते, म्हणून इथेही रात्र काढू नये. गर्भपातानंतर ताप, थंडी, घाण वासाचा स्राव आला, तर आत काही राहून जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवायचं. आणि तासाला दोन मोठे पॅड, असं सलग दोन तास भिजत असतील, तर थांबायचं नाही.

कायदा पुढे, भीती मागे

बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये गॉलवे इथे मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ घातलेला होता, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो करून दिला गेला नाही, आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन कायदा बदलला. तिथे कायदाच आडवा आला होता. आपल्याकडे कायदा १९७१ पासून आहे. तरी बाया उशिरा येतात, कारण तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

तो काय म्हणतो? गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं, आणि चोवीसपर्यंत काही विशिष्ट परिस्थितीत दोघांचं. साधन निकामी ठरल्याचं कारण आता लग्न न झालेल्या स्त्रीलाही लागू आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असं स्पष्ट केलं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तिचं नाव उघड करणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे.

माझं मत असं की गोळ्यांच्या बाबतीत आपण पाळत ठेवली, पण वाट मोकळी केली नाही. २०१२ मध्ये परळी आणि २०१७ मध्ये सांगलीजवळचं म्हैसाळ, या प्रकरणांनंतर स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध कडक व्हायलाच हवं होतं. पण नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसत नाही. त्या गोळीकडे त्याच संशयाने पाहिलं की सरळ दुकानदार ती ठेवणं सोडतो आणि वाकडा दुकानदार चढ्या भावाने, चिठ्ठीशिवाय, कसं घ्यायचं ते न सांगता देतो. सोनोग्राफीचंही तसंच. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म भरावा लागतो, बहुतेक सेंटरवर ओळखपत्र मागतात, आणि गुपचूप मोकळं व्हायचं असलेली बाई तिथूनच मागे फिरते. तो फॉर्म नोंदीसाठी असतो. त्याने तुमच्यावर गुन्हा दाखल होत नाही. ज्या तपासणीने जीव वाचतो तीच सर्वात भीतीदायक वाटावी, हे सरकारी मोहिमांनी कधी लक्षात घेतलेलं नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस जरी सोनोग्राफी आणि गोळ्या एकाच खिडकीवर, तोंड वर करून मागता आल्या, तर छाप्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मी स्वतः या गोळ्या लिहून देत नाही. एमबीबीएस डॉक्टरला त्यासाठी नियमांत सांगितलेला अनुभव लागतो. माझ्याकडे आलेल्यांना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतो.

घरच्यांनी काय करायचं

पाळी चुकली आहे किंवा नुकती गोळी घेतली आहे, आणि एका बाजूला दुखतंय, घेरी येतेय, खांदा दुखतोय किंवा चेहरा पांढरा पडलाय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय जिथे आहे तिथेच न्या, मध्ये तीन दवाखाने करू नका. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला मदत करणं हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा ‘आधी पैसे भरा’ म्हटलं तर निदान सलाईन लावून, सोबत चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचा आग्रह धरा. नवरा पुण्याहून निघालाय, तो आल्यावर सही करेल, असं म्हणून ऑपरेशन थांबवू नका. ती शुद्धीवर आहे तोवर तिची सही पुरते.

वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट, आधीचे सोनोग्राफीचे कागद आणि तांबी किंवा ऑपरेशनचं कार्ड सोबत घ्या. पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, गोळी कधी घेतली, दुखायला कधी लागलं. रक्तगट माहीत असेल तर तोही.