वालूरचा कापूस आणि जिनिव्हाचा पार

बँकेच्या नोकरीत असताना पीककर्जाच्या निमित्ताने वालूरला जाणे होई. चहा येईपर्यंत प्रश्न ठरलेला, "साहेब, यंदा कापसाला भाव काय राहील?" ते दिवस डंकेल प्रस्तावाचे. पारावर एक जण म्हणे, आता घरचे बियाणेही परक्याचे होणार. दुसरा शरद जोशींचा हवाला देऊन सांगे, बाजार खुला झाल्याशिवाय घामाला दाम नाही.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना जिनिव्हात सुरू झाली. आज तिचे १६६ सदस्य आहेत. नाणेनिधीत ज्याचा हिस्सा मोठा त्याची मते जास्त. इथे मात्र निर्णय सहमतीने होतात. मंत्र्यांची परिषद साधारण दोन वर्षांनी भरते, एरवी सर्वसाधारण परिषद कारभार पाहते. सचिवालय फक्त कारकुनी करते. म्हणजे धाकट्याचाही नकार मोजला जातो आणि एकाच्या हट्टाने गाडेही अडते.

या पारावर न्याय मिळतो का? अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये तिथे गेला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला. २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजले. पण पुढे अमेरिकेनेच अपील मंडळावरच्या नेमणुका रोखल्या. डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प आहे. हरलेल्याने अपील केले, की निकाल लोंबकळतो.

तरीही सगळे खापर जिनिव्हावर फोडू नये. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आपण २०२१ मध्ये लावले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. कारण गिरण्यांच्या अडचणीचे होते, निर्णय दिल्लीचा होता. शेतकऱ्याला विचारले कुणी?

म्हणून मला वाटते, जिनिव्हातून बाहेर पडा ही घोषणा सोपी, पण घातक. पंचच नसले तर मैदान दांडग्याचे. भारताने अपील मंडळ पुन्हा उभे राहण्यासाठी हट्ट धरावा आणि घरातले निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करावेत.

वालूरची जुनी चक्राकार बारव गाळाने भरली होती. गावाने ती बुजवली नाही, उपसली. शहाणपण त्यातच होते.