तटाच्या आतलं गाव

अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या गाड्या रेवदंड्यात थांबतात त्या बहुधा शहाळ्यापुरत्या, आणि ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. इथे गावाशेजारी किल्ला नाही, गावच पोर्तुगीज तटाच्या आत नांदतंय. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले केव्हाच कोसळलेत, पण उरलेला भाग माडांच्या वर डोकं काढून आहे. वेशीवरच्या दगडात पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे. एसटीतून ते दिसत नाही, खाली उतरून मान वर करावी लागते. रेवदंडा हा जुन्या चौलचाच भाग, आणि याच चौलच्या बंदरात 1508 च्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. (घोडा विकून नफा कमवायचा बेत होता बिचाऱ्याचा!) पण मला विचाराल तर इथला खरा ऐवज कुंडलिका खाडीपलीकडे, कोर्लईत आहे. 1740 मध्ये पोर्तुगीज गेले, त्यांची बोली मात्र तिथल्या ख्रिस्ती घरांत राहिली. मराठीच्या शेजारात मुरलेली ही पोर्तुगीज आजही बोलली जाते. दगडांची डागडुजी उद्याही करता येईल. या बोलीचं तसं नाही, म्हणून तिच्या नोंदी, ध्वनिमुद्रणं आणि मुलांसाठी पुस्तकं यांवर सरकारने आधी पैसा खर्च करावा, तटबंदीवरच्या रोषणाईवर नंतर.