रेडिएटरमधली हवा कोण काढणार?

ग्राहकाला स्वतःची वस्तू दुरुस्त करता यावी, म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. हेतू उत्तम. पण पार्किंगमध्ये बाह्या सरसावून गाडीचा फुटका होज पाइप बदलणाऱ्या माणसाची खरी अडचण पाइप बसवल्यानंतर सुरू होते. कूलंट काठोकाठ भरलेलं असतं, गाडी गावात दोन दिवस नीट चालते आणि खंबाटकी घाटाच्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडे निघतो.

मग सुट्या भागांवर संशय. आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, शेवटी अख्खा रेडिएटर. कूलंट काढून पुन्हा भरल्यावर लगेच गाडी तापू लागली, तर पहिला संशय आत कोंडलेल्या हवेवर घ्यायला हवा. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणूनच की काय, तो कुणी घेत नाही.

कूलंट उपसलं की इंजिनातल्या पोकळ्या आणि हीटरचे बारीक पाइप रिकामे होतात. पुन्हा भरताना उंच भागातल्या हवेला निघायला वाट मिळत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. त्याच्याभोवती हवा असेल तर तो उशिरा उघडतो. तापमान मोजणारा सेन्सर हवेत लटकला तर आणखी घोटाळा. काटा खाली, चालक निर्धास्त आणि इंजिनाचं हेड भाजून निघतंय!

ही हवा स्वतःची चाहूल देते. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही गार वारा येतो, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज होतो. पण महाराष्ट्रात हीटर लावतो कोण? फुकटातलं निदान असं वाया जातं.

हवा काढायला लागतो तो धीर. थंड इंजिन, चढावर तोंड वर करून उभी केलेली गाडी, हीटर पूर्ण गरमवर. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून फेसाऐवजी सलग धार येईपर्यंत हळूहळू भरायचं, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहायची. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नये.

त्या झाकणाकडेही कुणाचं लक्ष नसतं. ते आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर मेलं की ही सवलत संपली. महाबळेश्वरच्या उंचीवर तर साधं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं.

‘आपल्याकडे गरमीच आहे, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा गॅरेजमधला लाडका सल्ला तर सरळ धुडकावावा. इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जळतं. शिवाय काही इंजिनांत तापल्यावर बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटर टाळून तसंच फिरतं आणि गाडी जास्तच तापते.

आता कंपन्यांचं पाहा. मॅन्युअलमध्ये कूलंट कोणतं, किती लिटर हे असतं. ब्लीड स्क्रू कुठे आहे हे विचारलं की बहुतेक पुस्तकं सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतात. दुरुस्तीचा हक्क द्यायचाच, तर हे एक पान मराठीत छापायला काय हरकत आहे?

त्याच पानावर घरच्या दुरुस्तीची हद्दही छापावी. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखा टणक होत असेल, तर आत जळालेला वायू शिरतोय आणि हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. पेट्रोल गाडीत तो पिवळा पडला, तर पुढचं काम पार्किंगमध्ये होणारं नाही.